कोरोनाडो पुलाखालून डेलानोच्या मळ्यापर्यंत: चिकानो चळवळीच्या वाटेवर पाच दिवस

लेकीकडे सॅन डिएगोला ही माझी तिसरी खेप. आधीच्या दोन खेपांत समुद्र, प्राणिसंग्रहालय आणि कोरोनाडोचा किनारा पाहून झाला होता. कोरोनाडोकडे जाणाऱ्या त्या उंच, निळ्या, डौलदार वळणाच्या पुलावरून आम्ही चार-पाच वेळा गेलो असू. पुलाखाली काय आहे हे पाहावे, असे मात्र कोणाला सुचले नव्हते. निफाड तालुक्यातल्या शाळेत मी एकोणतीस वर्षे इतिहास शिकवला. अमेरिकेतील नागरी हक्कांचा लढा म्हणजे कृष्णवर्णीयांचा लढा, इतकेच मी मुलांना सांगत आले. त्याच वर्षांत मेक्सिकन वंशाच्या अमेरिकनांनी शाळेसाठी, शेतमजुरीसाठी आणि जमिनीच्या एकेका तुकड्यासाठी जो लढा दिला, तो मला निवृत्तीनंतरच्या वाचनात भेटला आणि आपले काय शिकवायचे राहून गेले, याची रुखरुख लागली. म्हणून या एप्रिलमध्ये लेकीने तीन दिवसांची रजा काढली, तिला शनिवार-रविवार जोडला आणि आम्ही दोघी गाडीने निघालो.

निघण्यापूर्वी 'चिकानो' या शब्दाविषयी. अमेरिका-मेक्सिको युद्ध संपवणाऱ्या १८४८ च्या तहानंतर मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा प्रदेश अमेरिकेकडे गेला आणि तिथे राहणारी माणसे एका सहीने दुसऱ्या देशाची झाली. 'आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आम्हाला ओलांडून गेली,' हे तिकडचे बोलणे त्यातूनच आलेले आहे. कागदावर त्यांना नागरिकत्व मिळाले. प्रत्यक्षात जमिनी गेल्या, शाळा वेगळ्या झाल्या, कष्टाची कामे तेवढी उरली. 'चिकानो' हा शब्द गरीब मेक्सिकन मजुराला हिणवण्यासाठी वापरला जाई. १९६० च्या दशकातील तरुणांनी तोच उचलला आणि स्वतःचे नाव म्हणून मिरवला. आजही तो सर्वांना चालतो असे नाही. म्हणून समोरचा स्वतःला काय म्हणवतो हे ऐकून मगच आपण तो शब्द वापरावा, असे लेकीने मला आधीच बजावले होते.

पहिला दिवस: पुलाखालची बाग

चिकानो पार्कचा वर्धापनदिन २२ एप्रिलच्या आसपासच्या शनिवारी साजरा होतो आणि आम्ही तोच दिवस साधला होता. त्या दिवशी गाडी नेण्यात अर्थ नाही. ट्रॉलीच्या, म्हणजे शहरातल्या हलक्या रेल्वेच्या, निळ्या मार्गावर बॅरिओ लोगन नावाचे स्थानक आहे, तिथून पाच-सात मिनिटे चालावे लागते. सकाळी समुद्रावरून आलेले ढग खाली उतरलेले होते, त्यामुळे पुलाचे वरचे टोक दिसतच नव्हते. दिसत होते ते फक्त खांब, आणि प्रत्येक खांबावर चित्र. धुक्यातून आधी ढोल ऐकू आले, मग कोपाल नावाच्या धुपाचा वास आला आणि मग डोक्यावर लांब पिसांचे मुकुट घातलेले नर्तक दिसले. त्यांच्या पायांत बियांच्या कवचांच्या माळा होत्या. त्यांचा आवाज घुंगरांपेक्षा कोरडा असतो, वाळलेल्या शेंगा हलवाव्यात तसा.

ही बाग कोणी बांधून दिलेली नाही. लोगन हाइट्स ही मेक्सिकन वंशाच्या कामगारांची जुनी वस्ती. तिथे घरांच्या शेजारी भंगाराची आवारे आणि कारखाने येऊ दिले गेले. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिच्या मधून महामार्ग काढला आणि वस्तीचे दोन तुकडे झाले. नंतर कोरोनाडोचा पूल आला. १९६९ च्या ऑगस्टमध्ये तो खुला झाला, तोपर्यंत कित्येक कुटुंबांची घरे पाडली गेली होती. उरलेल्यांना पुलाखालच्या जागेत उद्यानाचे आश्वासन मिळाले होते. २२ एप्रिल १९७० रोजी सकाळी त्या जागेवर बुलडोझर दिसले. एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने काय चालले आहे म्हणून विचारले, तेव्हा तिथे महामार्ग पोलिसांचे ठाणे होणार असल्याचे त्याला कळले. तो वर्गावर्गांतून आणि घराघरांतून सांगत सुटला. काही तासांत बाया, मुले, म्हातारी माणसे, विद्यार्थी असे सगळे जमले आणि हातात हात घालून यंत्रांभोवती उभे राहिले. त्यांनी जमीन बारा दिवस सोडली नाही. नुसती धरून ठेवली असेही नाही. कुदळी-फावडी आणून तिथे निवडुंग, घायपात आणि फुलझाडे लावली. मागणी मान्य होण्याआधीच बाग सुरू झाली होती. मला या सगळ्या लढ्यातील ही गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

साल्वादोर टॉरेस हा चित्रकार त्याच वस्तीत वाढलेला. पुलाचे राखाडी खांब रंगवायचे, ही कल्पना त्याची. १९७३ पासून चित्रे होऊ लागली आणि आज ती ऐंशीच्या वर आहेत. एका खांबावर मेक्सिकन क्रांतीतला शेतकऱ्यांचा नेता झापाता आहे, दुसऱ्यावर पंखांचा सर्पदेव केत्झालकोआत्ल, तर एकीकडे 'वस्ती हवी, भंगार नको' अशा अर्थाची घोषणा असलेले चित्र. सुरुवातीच्या चित्रांत स्त्रिया कमी होत्या, म्हणून पुढे स्त्री चित्रकारांनी स्वतः येऊन खांब रंगवले. १९९० च्या दशकात भूकंपापासून संरक्षणासाठी खांब मजबूत करायचे ठरले, तेव्हा चित्रे जातील अशी भीती होती. लोकांनी पुन्हा आवाज उठवला आणि चित्रे वाचतील अशा रीतीने काम करून घेतले. २०१६ मध्ये या जागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

दुपारी ढग गेले आणि ऊन चांगलेच लागू लागले. रंगीत, जमिनीलगत झुकलेल्या जुन्या मोटारींची रांग लागली होती. त्यांना लोरायडर म्हणतात आणि एकेका गाडीवर बाप-लेकांनी वर्षानुवर्षे काम केलेले असते. एका टपरीवर गडद लाल सरबत घेतले. पहिल्या घोटालाच चव ओळखीची वाटली, म्हणून विचारले, तर ती चक्क आपली लाल अंबाडी! तिच्या बोंडांवरची मांसल लाल आवरणे उकळून हे सरबत करतात आणि त्याला 'हामायका' म्हणतात. निवडुंगाच्या पानांचे काटे काढून, चिरून केलेली भाजी मक्याच्या गरम तोर्तियात, म्हणजे पातळ भाकरीत, घालून खाल्ली. ती भेंडीसारखी किंचित बुळबुळीत आणि आंबटसर लागते. शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावे. राजम्यासारख्या दिसणाऱ्या घट्ट उसळीत पुष्कळदा डुकराची चरबी असते. 'मांतेका' आहे का, एवढे विचारले की स्पष्ट उत्तर मिळते.

निवडुंगाच्या वाफ्याजवळ एक ऐंशीच्या घरातल्या आजी घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या बारा दिवसांत त्या रोज संध्याकाळी काम सुटल्यावर बीन्सचे पातेले घेऊन येत. लेकीने त्यांचे बोलणे मला मराठीत सांगितले. 'भाषण करणारे वेगळे होते,' त्या म्हणाल्या, 'पण उपाशी पोटी कोणी बारा दिवस उभे राहत नाही.' मग त्यांनी मला वाफ्यातला एक जाडजूड बुंधा दाखवला आणि तो आपण लावल्याचे सांगितले.

दुसरा दिवस: दोन शाळांची दारे

रविवारी सकाळी लेमन ग्रोव्हला गेलो. सॅन डिएगोच्या पूर्वेला पंधरा-वीस मिनिटांवर हे गाव आहे. आता इथे लिंबाच्या बागा नाहीत. नाव मात्र राहिले आहे आणि चौकात एक प्रचंड सिमेंटचे लिंबू आहे. पर्यटक त्या लिंबापाशी छायाचित्र काढून निघून जातात. मला पाहायचे होते ते जवळच्या भिंतीवरचे चित्र, कारण त्यात १९३१ ची गोष्ट आहे.

५ जानेवारी १९३१. सुट्टीनंतर शाळा उघडली आणि मुख्याध्यापकांनी दारात उभे राहून मेक्सिकन मुलांना अडवले. तुमची शाळा आता तिकडे, असे सांगून त्यांना दोन खोल्यांच्या नव्या इमारतीकडे पाठवले. अशी सुमारे ७५ मुले होती. पालकांनी त्या इमारतीला 'घोड्यांचा तबेला' असे नाव दिले आणि मुलांना तिथे पाठवायचे नाकारले. हे पालक म्हणजे बागांतले आणि दगडखाणीतले मजूर. महामंदीचा काळ होता, मेक्सिकन वंशाच्या लोकांना गाड्यांत भरून सीमेपलीकडे पाठवले जात होते, आणि अशा काळात या माणसांनी समिती केली, वकील मिळवले आणि शाळा मंडळाला न्यायालयात खेचले. अर्जदार म्हणून बारा वर्षांच्या रोबेर्तो आल्वारेझ या विद्यार्थ्याचे नाव दिले गेले. मार्चअखेर निकाल लागला आणि मुले आपल्या जुन्या शाळेत परतली.

हा निकाल जितका मोठा, तितकाच त्याचा एक कोपरा दुखरा आहे. कॅलिफोर्नियाच्या तेव्हाच्या कायद्यानुसार आशियाई आणि मूलनिवासी मुलांना वेगळ्या शाळेत घालता येत असे. मेक्सिकन मुले त्या यादीत बसत नाहीत, हा निकालाचा एक आधार होता. म्हणजे वेगळे काढणेच चूक आहे, असे तिथे पूर्णपणे म्हटले गेले नाही. शिक्षक म्हणून ही गोष्ट मला मुलांपासून लपवावीशी वाटली नसती.

दुपारी उत्तरेकडे निघालो. ऑरेंज परगण्यातील वेस्टमिन्स्टर हे आमचे पुढचे ठिकाण. रविवारीसुद्धा रस्ता भरलेला असतो, म्हणून या टप्प्यासाठी तीन तास हाताशी ठेवावेत. इथे २०२२ मध्ये मेंडेझ कुटुंबाच्या लढ्याचे स्मारक आणि त्याला जोडून फिरण्याची वाट तयार झाली आहे. वाटेवर थांबत थांबत फलक वाचत गेलो, तर गोष्ट आपोआप क्रमाने उलगडते.

या गोष्टीची सुरुवात शाळेच्या नावनोंदणीपासून होते. सोलेदाद विदाउर्री आपली मुले आणि भावाची, गोन्सालो मेंडेझची, मुले घेऊन शाळेत गेल्या. त्यांच्या स्वतःच्या मुलांचा रंग उजळ आणि आडनाव फ्रेंच वळणाचे. त्यांना प्रवेश मिळाला. सिल्व्हिया मेंडेझ आणि तिचे भाऊ रंगाने सावळे. त्यांना 'मेक्सिकन शाळेत न्या' असे सांगण्यात आले. एकाच घरातली मुले, एकाच दारात. सोलेदादने मग आपल्याही मुलांची नावे घातली नाहीत. गोन्सालो आणि त्यांची पोर्तो रिकन पत्नी फेलिसितास ज्या शेतावर राहत होते, ते मुनेमित्सु नावाच्या जपानी-अमेरिकन कुटुंबाचे होते. युद्धकाळात त्या कुटुंबाला ॲरिझोनाच्या वाळवंटातील छावणीत डांबले होते आणि मेंडेझांनी ते शेत खंडाने घेतले होते. त्याच शेताच्या उत्पन्नातून खटल्याचा खर्च निघाला. एकाच सरकारने एका कुटुंबाला घरातून आणि दुसऱ्याला शाळेतून बाहेर काढले होते, हे त्या वाटेवर उभे राहून वाचताना गळा दाटून आला.

१९४५ मध्ये चार शाळा मंडळांविरुद्ध सुमारे ५,००० मुलांच्या वतीने खटला दाखल झाला, १९४६ मध्ये जिंकला आणि १९४७ मध्ये अपिलातही टिकला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने शाळांतील वंशभेदाची कलमे रद्द केली आणि त्यावर सही करणारे गव्हर्नर होते अर्ल वॉरन. १९५४ मध्ये देशभरच्या शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या 'ब्राउन' खटल्यात सरन्यायाधीश तेच होते. सिल्व्हिया मेंडेझ यांना पुढे राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक मिळाले.

वेस्टमिन्स्टर आता व्हिएतनामी वस्तीसाठी ओळखले जाते. संध्याकाळी गार वारा सुटला होता. एका लहानशा खानावळीत भाज्यांच्या रश्श्यातला 'फो' खाल्ला. वर तुळशीच्या जातीची पाने, मोड आलेले मूग आणि लिंबू. उपाहारगृहाच्या मालकीणबाईंचे वडील व्हिएतनाम युद्धानंतर नावेतून आले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच युद्धाविरुद्धच्या मोर्च्याच्या रस्त्यावर जाणार होतो, हे मी त्यांना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी चहाचे पैसे घेतले नाहीत.

तिसरा दिवस: पूर्व लॉस एंजेलिस

सोमवारी सकाळी लिंकन हायस्कूलच्या कुंपणाबाहेर उभी होते. शाळा चालू असते, परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि जाऊही नये. मधल्या सुट्टीची घंटा झाली, मुलांचा गलका झाला आणि मला माझ्याच शाळेचे पटांगण आठवले.

साल कास्ट्रो इथे शिकवत. १९६० च्या दशकात या भागातल्या शाळांत मेक्सिकन वंशाची मुले बहुसंख्य होती, पण स्पॅनिश बोलले म्हणून छडी बसे, दुपारच्या सुट्टीत स्वच्छतागृहांना कुलूप असे, हुशार मुलांनाही महाविद्यालयाऐवजी शिवणकाम किंवा मोटारदुरुस्तीकडे वळवले जाई आणि अभ्यासक्रमात त्यांच्या पूर्वजांचे नावही नसे. अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्यांचे प्रमाण भयंकर होते. मार्च १९६८ मध्ये लिंकन, गारफील्ड, रूझवेल्ट आणि इतर शाळांतील हजारो मुले वर्ग सोडून रस्त्यावर आली. द्विभाषिक शिक्षण, आपला इतिहास, आपल्या समाजातील शिक्षक आणि उघडी स्वच्छतागृहे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. काही शाळांच्या दारात पोलिसांनी मुलांना झोडपले. पुढे कास्ट्रो आणि आणखी बारा जणांवर कट केल्याचा आरोप ठेवला गेला. कास्ट्रो यांना वर्गातून काढले, तेव्हा पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी शिक्षण मंडळाच्या सभागृहातच ठिय्या दिला आणि त्यांना परत घ्यायला लावले. आरोपही नंतर न्यायालयात टिकले नाहीत. पुढे लॉस एंजेलिसमधल्या एका शाळेला त्यांचे नाव दिले गेले. मी माझ्या नोकरीत कधी असे धाडस केले असते का, हा प्रश्न मला दिवसभर सोडून गेला नाही.

तिथून व्हिटियर बुलेव्हार्ड. दुतर्फा दुकाने, लग्नाचे झालरदार पोशाख, बेकऱ्या. वरवर पाहिले तर बाजाराचा साधा रस्ता. २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध वीस ते तीस हजार माणसे बेल्व्हेडेअर पार्कपासून निघून याच रस्त्याने लागुना पार्कला पोहोचली. नैऋत्येकडील राज्यांतून युद्धावर गेलेल्यांत स्पॅनिश आडनावाचे तरुण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार जास्त संख्येने मरत होते, हे त्यामागचे कारण. लोक कुटुंबासह गवतावर बसून गाणी ऐकत होते. जवळच्या दुकानातल्या एका किरकोळ तक्रारीचे निमित्त झाले आणि पोलिसांनी सगळे उद्यान रिकामे करायला घेतले. अश्रुधूर, लाठ्या, पळापळ. त्या दिवसाच्या हिंसेत तिघांचा जीव गेला: आंखेल दियास, लिन वॉर्ड आणि पत्रकार रुबेन सालाझार.

सालाझार लॉस एंजेलिस टाइम्समध्ये स्तंभ लिहीत आणि स्पॅनिश वाहिनीचे वृत्तसंचालकही होते. गोऱ्यांच्या नजरेतून स्वतःकडे पाहायला नकार देणारा मेक्सिकन-अमेरिकन तो चिकानो, अशा आशयाची त्यांची व्याख्या आजही सांगितली जाते. वार्तांकनानंतर ते याच रस्त्यावरच्या सिल्व्हर डॉलर नावाच्या बारमध्ये बसले असताना शेरीफच्या, म्हणजे परगण्याच्या पोलीसप्रमुखाच्या, एका माणसाने आत अश्रुधुराचा गोळा डागला आणि तो त्यांच्या डोक्याला लागला. ते ४२ वर्षांचे होते. कोणावरही खटला चालला नाही. लागुना पार्कला आज त्यांचे नाव आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे मुले फुटबॉल खेळत होती आणि झाडाखाली दोन म्हातारे पत्ते कुटत होते. त्यातले एक जण त्या दिवशी सोळा वर्षांचे होते. 'माझ्या आईने मला मोर्च्याला पाठवले, कारण माझा भाऊ तिकडे युद्धावर होता,' एवढेच ते म्हणाले. भाऊ परत आला का, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. तेच नंतर म्हणाले, आला.

संध्याकाळी मारियाची प्लाझात थांबलो. चांदीच्या बटणांचे कोट घातलेले वादक इथे कामाची वाट पाहत उभे असतात. शेजारच्या बेकरीत 'कोंचा' नावाचा शिंपल्याच्या आकाराचा गोड पाव मिळतो, तो गरम असतानाच खावा.

चौथा दिवस: पांढरा रंग फासलेली भिंत

ओल्वेरा स्ट्रीट हा शहराचा सर्वांत जुना भाग. दुकाने पर्यटकांसाठी सजवलेली असली तरी दोन गोष्टींसाठी इथे यायलाच हवे. एक म्हणजे चौकाची जागा. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी अधिकाऱ्यांनी हा चौक वेढून शेकडो लोकांची कागदपत्रे तपासली होती. म्हणजे लेमन ग्रोव्हचे पालक न्यायालयात उभे होते, त्याच महिन्यांत. त्या दशकात मेक्सिकोला पाठवल्या गेलेल्यांत जन्माने अमेरिकन असलेले असंख्य होते आणि कॅलिफोर्नियाने त्याबद्दल २००५ मध्ये कायदा करून माफी मागितली.

दुसरी गोष्ट म्हणजे सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराने १९३२ मध्ये इथल्या वरच्या भिंतीवर काढलेले 'अमेरिका ट्रॉपिकल' हे चित्र. काम देणाऱ्यांना बहुधा केळी-पोपटांचे सुंदर रान हवे होते. त्याने मधोमध क्रुसाला बांधलेला मूलनिवासी माणूस आणि त्याच्या डोक्यावर गरुड काढला. थोड्याच काळात चित्रावर पांढरा रंग फासला गेला. पण १९६० च्या दशकाच्या अखेरीस तो रंग उन्हापावसाने उडू लागला आणि खालची आकृती दिसू लागली, नेमकी त्याच वर्षांत, जेव्हा खाली शहरात चिकानो तरुण भिंती रंगवायला घेत होते. २०१२ पासून हे चित्र एका मंचावरून पाहता येते. रंग फिके, जवळजवळ सावलीसारखे आहेत. पाहण्याचे दिवस आणि वेळा मर्यादित असतात, त्या आधी तपासाव्यात.

दुपारी सॅन फर्नांडो खोऱ्यात चित्रकार जूडी बाका यांची 'ग्रेट वॉल' पाहिली. पुराच्या पाण्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या नाल्याच्या भिंतीवर सुमारे ८४० मीटर लांबीचा इतिहास आहे. १९७६ पासून अनेक उन्हाळे ४०० हून अधिक तरुणांनी ती रंगवली. त्यातले काही जण पोलिसांच्या नोंदीत नाव गेलेली मुले होती. आदल्या दिवसांत पाहिलेले सगळे इथे एका ओळीत भेटले: हद्दपारीच्या गाड्या, छावण्यांत नेले जाणारे जपानी, महामार्गाने दुभंगलेली वस्ती. नाल्याच्या पलीकडच्या काठावरून चालत पाहावे. सावली फार नाही, टोपी आणि पाणी जवळ ठेवावे.

पाचवा दिवस: द्राक्षांचा गाव

बुधवारी पहाटे निघालो. घाट ओलांडला की सॅन वाकीन खोरे समोर पसरते आणि मग तासभर सपाट शेती. डेलानो जवळ आले तशा द्राक्षबागा सुरू झाल्या आणि मी लेकीला गाडी थांबवायला सांगितली. एप्रिलमध्ये आमच्याकडे फळ उतरून खरड छाटणी चाललेली असते. इथे मात्र वेलीला कोवळी पाने आणि बाजरीच्या दाण्याएवढे घोस होते. बायका-माणसे तोंडाला रुमाल बांधून फेलफुटी, म्हणजे घोस न धरलेले फुटवे, काढत होती. आमच्या मळ्यात सासऱ्यांनी लावलेली थॉमसन सीडलेस ही जात कॅलिफोर्नियातल्याच एका बागायतदाराच्या नावाने जगभर गेली. ज्या वेलीवर आमचे घर चालले, तिच्या मुलखात किती कष्ट गाडले गेले आहेत, हे मला साठीनंतर कळत होते.

आधी फिलिपिनो कम्युनिटी हॉल पाहिला. द्राक्षमजुरांच्या संपाची लढाई सेसार चावेझ या एका माणसाच्या नावाने सांगितली जाते, पण ८ सप्टेंबर १९६५ रोजी बागांतून पहिले बाहेर पडले ते लॅरी इट्लिऑंग यांच्या नेतृत्वाखालचे फिलिपिनो मजूर. तासाला १ डॉलर ४० सेंट आणि पेटीमागे २५ सेंट, ही त्यांची मागणी. त्यातले बरेचसे वयस्क आणि एकटे होते, कारण त्यांच्या तरुणपणी कॅलिफोर्नियात गोऱ्या स्त्रीशी लग्नाला त्यांना कायद्याने बंदी होती. ती १९४८ मध्ये उठली, तीही कागदावर गोरी गणल्या गेलेल्या एका मेक्सिकन-अमेरिकन स्त्रीने आणि कृष्णवर्णीय पुरुषाने लढवलेल्या खटल्यामुळे. एका गटाचा संप दुसऱ्या गटाला आणून मोडायचा, ही बागायतदारांची जुनी रीत होती. म्हणूनच १६ सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, चावेझ आणि डोलोरेस उएर्ता यांच्या, मुख्यतः मेक्सिकन मजुरांच्या, संघटनेने गावातल्या चर्चमध्ये सभा घेऊन संपात सामील व्हायचे ठरवले, तो क्षण निर्णायक ठरला.

पुढच्या वर्षी संपकरी पायी सॅक्रामेंटोला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या राजधानीला, गेले, ३०० मैलांहून अधिक. पुढे ग्वादालुपेच्या माता मेरीची पताका, मागे लाल झेंड्यांवरचा काळा गरुड, वाटेत गावोगावी मुक्काम आणि रात्री ट्रकच्या उघड्या पाठीवर मजुरांनीच केलेली नाटके. या चालीला त्यांनी मोर्चा न म्हणता 'तीर्थयात्रा' म्हटले होते. वारी पाहिलेल्या माणसाला त्या शब्दाचे बळ वेगळे सांगावे लागत नाही. पुढे देशभर लोकांनी द्राक्षे खाणे सोडले आणि २९ जुलै १९७० रोजी बागायतदारांनी करारांवर सह्या केल्या. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांच्या संघटनेच्या हक्काचा कायदा केला. १९३५ च्या राष्ट्रीय कायद्याने त्यांना वगळले होते, ते चाळीस वर्षांनी.

सह्या जिथे झाल्या, ती 'फॉर्टी एकर्स' ही जागा गावाच्या पश्चिमेला आहे. आधी विचारून गेलेले बरे. पेट्रोल पंपाची मातीच्या विटांची छोटी इमारत आहे. तिथल्याच एका खोलीत १९६८ मध्ये संपात हिंसा शिरू नये म्हणून चावेझ यांनी २५ दिवस उपवास केला. गांधींचे ऋण ते उघडपणे सांगत. बाजूला अग्बायानी व्हिलेज आहे, ते वृद्ध फिलिपिनो मजुरांसाठी स्वयंसेवकांनी बांधलेले आणि १९७४ मध्ये उघडलेले घर. ज्यांना घर करू दिले गेले नव्हते, त्यांच्यासाठी प्रत्येकाला स्वतःची खोली. वारा सुटला होता आणि बारीक धूळ दातांखाली येत होती.

दुपारी जेवायला थांबलो त्या खानावळीत शेजारच्या टेबलावर सत्तरीच्या एक बाई होत्या. द्राक्षांत येण्यापूर्वी त्यांनी सॅलिनासला लेट्यूसच्या रानात काम केले होते. त्या 'एल कोर्तितो'बद्दल बोलू लागल्या, म्हणजे आखूड दांड्याच्या फावडीबद्दल. दिवसभर कमरेत वाकून काम करायला लावणारे हे अवजार कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये बंद केले. दांडा केवढा असे, हे दाखवायला त्यांनी कोपरापासून बोटांपर्यंत हात धरला. मी माझी वीत पुढे केली आणि आमच्याकडचे खुरपे एवढेच असते, बाया अजून त्यानेच निंदतात, असे लेकीला सांगायला लावले. त्यांनी माझा हात हातात घेऊन ती वीत नीट पाहिली. मग त्यांनी दोन प्रश्न विचारले. त्या बायांना दिवसाचे किती मिळतात? आणि रानात त्यांच्यासाठी पिण्याचे पाणी आणि संडास असतो का? 'आमच्या पहिल्या करारात आम्ही तेच मागितले होते,' त्या म्हणाल्या. मी रोजाचा आकडा सांगितला, लेकीने त्याचे डॉलर करून दिले. पाणी त्या घरून बाटलीत भरून आणतात, हेही सांगितले. उरलेल्या प्रश्नाच्या उत्तरासाठी लेक माझ्याकडे पाहत राहिली. आमच्या स्वतःच्या मळ्यात तो नाही, हे तिलाही ठाऊक होते. 'नाही,' मी म्हणाले, आणि तो एक शब्द भाषांतर न होताच त्या बाईंना कळला.